मालमोटारीचा चालक कसा घडतो

हमरस्त्यावरील मालमोटारीकडे प्रवाशाचे लक्ष जाते ते बहुधा तिला मागे टाकण्यापुरते. तिच्या पाठीवरील मोर, कमळे आणि शेर वाचून त्याची घटकाभर करमणूक होते. परंतु पुढे स्टिअरिंग धरून बसलेला मनुष्य तेथवर कसा पोहोचला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

पुष्कळ वर्षे या प्रश्नाला एकच उत्तर होते. तो क्लीनर होऊन येत असे. शाळा सुटलेला, घरच्या शेतीत न सामावणारा मुलगा गावातल्याच एखाद्या चालकाबरोबर निघे आणि त्याला ‘उस्ताद’ म्हणू लागे. काच पुसणे, टायरवर लोखंडी टॉमी मारून आवाजावरून हवा ओळखणे, ताडपत्री ओढून दोर आवळणे, गाडी मागे घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या’ अशी हाक देणे, हा त्याचा अभ्यासक्रम. स्टिअरिंगला हात लागण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे सहज जात. मग एखाद्या पहाटे, रस्ता मोकळा पाहून, उस्ताद जागा बदली आणि खरे शिक्षण सुरू होई. या गुरुकुलात पुस्तक नव्हते की परीक्षा नव्हती. गुरूचे कसब जसे शिष्याकडे येई, तशा त्याच्या खोडीही येत.

कायद्याची वाट निराळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे माल वाहणारे वाहन चालविण्यास वय वीस वर्षे पुरे असावे लागते आणि शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष हाती असावा लागतो. डॉक्टरांचा दाखला आणि चालक-शाळेचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली, हे योग्यच झाले; उत्तम हात असलेली कित्येक माणसे त्या अटीपायी अडून राहत होती. मात्र रस्त्यावरील खुणा आणि गाडीचे कागद वाचावयास शिकविण्याची जबाबदारी त्यामुळे शाळेवर अधिक पडली.

ही शाळा शिकविते किती? १९८९ च्या नियमांनी अशा चालकासाठी निदान तीस दिवसांचे शिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालविण्याचे निदान पंधरा तास ठरविले. पंधरा तास! शिंप्याच्या उमेदवाराचा याहून अधिक वेळ नुसती काजे करण्यात जातो. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आली; तेथे जड वाहनांचा पाठ सहा आठवड्यांत अडतीस तासांचा आहे आणि आभासी रस्ता दाखविणारे यंत्र व स्वतंत्र चाचणीपथ केंद्रापाशी असावा लागतो. ही निश्चित सुधारणा होय.

तरीही एक उणीव राहते. शिकविण्याची गाडी बहुधा रिकामी असते. नोकरीची गाडी भरलेली असते. दोन आसांच्या साध्या मालमोटारीचे मालासह कमाल वजन २०१८ पासून साडेअठरा टनांपर्यंत चालते. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी ही जणू दोन वेगळी जनावरे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते, हे दोघींनाही लागू. पण भरलेल्या गाडीची ती शक्ती ब्रेकच्या ड्रमांत उष्णता होऊन उतरते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला तर ड्रम तापतात, पकड सुटते; वारंवार दाबल्याने टाकीतील दाबाची हवाही खर्च होते. म्हणून घाट उतरावयाचा तो इंजिनाच्या आवरावर. जो चढ ज्या गिअरमध्ये चढता येईल, तोच उतार साधारणपणे त्याच गिअरमध्ये उतरावा, असा जुन्या चालकांचा दंडक आहे.

याच ठिकाणी उस्तादांची एक जुनी खोड घात करते. चार पैशांचे डिझेल वाचावे म्हणून उतारावर गिअर काढून इंजिन बंद करावयाचे! इंजिन थांबले की हवा भरणारा पंप थांबतो, स्टिअरिंगही जड होते. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे महामार्ग उतरत येतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका मालवाहू गाडीने पुढची कित्येक वाहने ठोकरली. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी गिअरविना सोडली होती, असे प्राथमिक तपासानंतर अधिकाऱ्यांनी सांगितले.

परवाना हाती आला म्हणजे नोकरी मिळतेच असे नाही. ट्रान्सपोर्टवाला पहिला प्रश्न विचारतो तो अनुभवाचा. म्हणून अनेकजण लहान टेंपोपासून आरंभ करतात. साडेसात टनांच्या आतील मालवाहू वाहनास हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केल्याने ही वाट सोपी झाली. पुढे मोठी गाडी मिळाली की बिल्टी, ई-वे बिल, विमा, फिटनेस यांचे कागद सांभाळणे आणि माल उतरेपर्यंत गोदामाच्या दाराशी तासन्‌तास तिष्ठणे हेही कामातच येते. दिवसाचे आठ तास ही मर्यादा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने घातली होती. पण जेथे मोबदला खेपेवर ठरतो, तेथे चालक घड्याळाकडे न पाहता पुढच्या खेपेकडे पाहतो आणि झोप मागे पडते.

त्यातच अनेक गाड्यांवरून क्लीनर नाहीसा झाला आहे. मालकाचा एक पगार वाचला, परंतु नवख्या चालकाच्या शेजारची जागा रिकामी झाली. शाळा सुटली आणि उस्तादही सुटला, अशा स्थितीत पहिली भरलेली गाडी एकट्याने घाटात न्यावी लागते. विचारी मालक यावर साधा उपाय करतात. पहिल्या काही खेपांना ते एखादा जुना चालक सोबत धाडतात. स्टिअरिंग नवख्याच्याच हाती असते. घाटमाथ्यावर जुना चालक गाडी बाजूला घ्यावयास लावतो, हवेच्या दाबाचा काटा दाखवितो, खाली उतरून चाके व मालाचे दोर पाहतो आणि परत येऊन बसल्यावर, गाडी हलण्यापूर्वीच, खालचा गिअर टाकावयास सांगतो.