आरोग्य विमा कंपन्यांच्या कर्जरोख्यांची पतजोखीम

आरोग्य विमा कंपन्यांच्या कर्जरोख्यांची पतजोखीम म्हणजे अशा कंपनीकडून रोख्यांवरील व्याज किंवा मुद्दल ठरलेल्या वेळी न मिळण्याची शक्यता होय. भारतात क्रिसिल, इक्रा, केअर इत्यादी पतमानांकन संस्था या जोखमीचे मूल्यमापन करतात.

स्वरूप

विमा कंपनीची पहिली बांधिलकी पॉलिसीधारकांशी असते. त्यामुळे भांडवलात गणले जाणारे तिचे कर्जरोखे दुय्यम दर्जाचे असतात. कंपनी बुडाल्यास पॉलिसीधारक व अन्य धनको यांच्यानंतर रोखेधारकांचा आणि सर्वांत शेवटी भागधारकांचा क्रम लागतो.

सॉल्व्हन्सी गुणोत्तर

देणी वजा जाता उरणारी मान्य मालमत्ता आणि नियमांनुसार आवश्यक असलेली किमान रक्कम यांचे प्रमाण म्हणजे सॉल्व्हन्सी गुणोत्तर. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या नियमांनुसार ते किमान १.५ असावे लागते. व्याज दिल्याने गुणोत्तर या पातळीखाली जाणार असेल, तर व्याज रोखले जाऊ शकते. म्हणजेच, कंपनीकडे रोकड असूनही रोखेधारकाला व्याज न मिळणे संभवते. या रोख्यांची जोखीम सामान्य कंपनीच्या रोख्यांहून वेगळी ठरते ती याच कारणामुळे.

आवश्यक रक्कम ढोबळमानाने निव्वळ विमाहप्त्यांच्या २० टक्के किंवा निव्वळ दाव्यांच्या ३० टक्के, यांपैकी जी अधिक असेल ती धरली जाते. उदाहरणार्थ, १,००० कोटी रुपयांच्या हप्त्यांसाठी २०० कोटी रुपये लागतात. ३०० कोटी उपलब्ध असल्यास गुणोत्तर १.५ येते. भांडवल न वाढता हप्ते १,३०० कोटींवर गेले, तर आवश्यक रक्कम २६० कोटी होऊन गुणोत्तर सुमारे १.१५ पर्यंत उतरते. यावरून व्यवसायाची वेगवान वाढ हीदेखील जोखीम ठरू शकते, हे दिसून येते.

इतर निकष

दावे आणि व्यवस्थापन खर्च यांचे हप्त्यांशी असलेले प्रमाण, म्हणजे संयुक्त गुणोत्तर, १०० टक्क्यांहून अधिक असल्यास मूळ विमा व्यवसाय तोट्यात असतो. गुंतवणुकीवरील उत्पन्न, पुनर्विमा आणि प्रवर्तकांची नवे भांडवल पुरवण्याची क्षमता यांचाही विचार केला जातो. केवळ आरोग्य विम्याचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीला साथरोगाच्या काळात अन्य विमाप्रकारांचा आधार नसतो. कोविड-१९ च्या साथीत स्टार हेल्थ या कंपनीला २०२१-२२ या आर्थिक वर्षात सुमारे १,०४१ कोटी रुपयांचा निव्वळ तोटा झाला. मात्र डिसेंबर २०२१ मध्ये समभागविक्रीतून तिने नवे भांडवल उभारले होते आणि वर्षअखेरीस तिचे सॉल्व्हन्सी गुणोत्तर १.५ च्या वरच राहिले.