उद्दिष्ट नेमकं कोणाचं? कॅथलिक शाळा, पालक आणि विद्यार्थी

मंडळी, मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागापाशी थांबलो होतो. मुलांना काय शिकवावं यावर लोकांचं एकमत नाही, असं तो तिथे म्हणतो. उपयोगी पडेल ते शिकवावं, सद्गुण अंगी बाणवावेत, की वरचं ज्ञान द्यावं? हाच प्रश्न आज आपण कॅथलिक शाळेच्या दारात नेऊन उभा करू. विद्यार्थी, पालक आणि शिक्षक या तिघांचं उद्दिष्ट एक असावं, असं तिथे नेहमी म्हटलं जातं. पण ‘एक असणं’ म्हणजे काय?

सकाळच्या विरार लोकलमधले शेकडो लोक चर्चगेटला उतरतात. मुक्काम सगळ्यांचा एकच. पण त्यातला एखादा अनोळखी माणूस चक्कर आली म्हणून बोरिवलीला उतरला, तर बाकीच्यांचा प्रवास अडत नाही. तेच चार मित्र मिळून वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला निघाले असतील, तर एकासाठी चौघेही उतरतात. पहिल्या ठिकाणी उद्दिष्ट समान आहे, दुसऱ्या ठिकाणी सामायिक. शाळांची माहितीपुस्तकं बहुधा पहिल्यालाच दुसरं समजतात.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनं 28 ऑक्टोबर 1965 रोजी शिक्षणाविषयी एक घोषणापत्र काढलं. आईवडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. याचा अर्थ नीट घ्यायला हवा. शाळा ही त्यांची मदतनीस ठरते, मालक नव्हे. प्रत्यक्षात मात्र आपण जूनमध्ये मूल फाटकाशी सोडतो आणि मनातल्या मनात म्हणतो, आता फादर-सिस्टर बघून घेतील.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचं उदाहरण घेऊ. तिथे कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालतात. त्यांच्या हक्कांना 1867च्या राज्यघटनेचं संरक्षण आहे. या शाळांसाठी 1998 मध्ये एक यादी तयार झाली: शाळा संपवून बाहेर पडणारा विद्यार्थी कसा असावा? विवेकी श्रद्धावंत, नीट संवाद साधणारा, चिंतन करणारा आणि नवं सुचणारा, आयुष्यभर स्वतःहून शिकणारा, इतरांबरोबर काम करणारा, कुटुंबात माया लावणारा आणि जबाबदार नागरिक. अशा सात अपेक्षा.

यादी गोड आहे, आणि गोड याद्यांचा आम्हाला थोडा संशयच येतो. पण हिच्यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. यातली प्रत्येक अपेक्षा पुरी झाली की नाही, हे वेगळ्याच माणसाला दिसतं. कुटुंबात माया लावणारा? हे वर्गशिक्षिकेला कसं कळणार? आजी आजारी असताना पोर तिच्याजवळ बसतं का, ते घरच्यांनाच ठाऊक. इतरांबरोबर काम करतो का, हे शिक्षकांना दिसतं. आईबाबांना नाही, कारण रात्री अकराला थर्माकोलचा किल्ला तेच चिकटवत असतात. आणि चिंतन? ते फक्त मुलाला माहीत. पुरावा असा तिघांत वाटला गेलेला आहे. म्हणून उद्दिष्ट सामायिक करणं भाग पडतं, नुसत्या सद्भावनेपोटी नव्हे.

मग सगळं टक्क्यांपाशीच का येऊन थांबतं? आपण पालकांना लोभी म्हणून मोकळे होतो. आम्हाला ते पटत नाही. गुण ही एकच गोष्ट अशी आहे, की जी तिघांनाही एकाच वेळी, एकाच कागदावर दिसते. बोलायला दुसरं काही समोर नसतं.

इथे एक अवघड मुद्दा आहे. वसई-मुंबईकडच्या कॅथलिक शाळांत हिंदू, मुस्लिम, बौद्ध घरांतली मुलंही शिकतात. श्रद्धेची पहिली अपेक्षा त्यांच्या बाबतीत कशी लावायची? सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत संमतीशिवाय कुणालाही धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते, असं आपल्या राज्यघटनेचं कलम 28(3) सांगतं. डिसेंबर 1965 मध्ये त्याच महासभेनं धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात आईवडिलांचा हा अधिकार मान्य केला. तेव्हा शाळेनं ही अपेक्षा कुणाकडून आहे आणि कुणाकडून नाही, ते प्रवेशाच्या दिवशीच उघड सांगावं. बाकीच्या सहा सर्वांना घेता येतात. श्रद्धेचं नाटक करायला लावलेलं मूल विवेकी तर नाहीच, श्रद्धावंतही होत नाही.

पालकसभेत आधी मुलानं बोलावं, असा आमचा आग्रह आहे. काय जमलं, कुठे अडलं, कशाचा विचार केला, हे त्याच्याच भाषेत. मग घरी काय दिसतं ते पालकांनी सांगावं, त्यानंतर बाईंनी. प्रगतिपुस्तक सगळ्यात शेवटी उघडावं. दहा मिनिटांत हे होणार नाही, हे खरं. पण मग वर्षातून चारऐवजी दोनच सभा घ्या.

आम्ही स्वतः पालक म्हणून अशा सभेला बसलो आहोत. मुलगी बाहेर व्हरांड्यात उभी होती आणि तिच्याबद्दलचं सगळं बोलणं आत चाललं होतं. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आम्ही पहिला प्रश्न गणिताच्या गुणांचाच विचारला. घरी येताना ती म्हणाली, “बाई काय म्हणाल्या?” आम्ही सांगितलं, सहा गुण कमी पडलेत.