अंशराशीकरण आणि पंधरा वर्षांनंतरचे निवृत्तिवेतन

केंद्र सरकारच्या जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील कर्मचाऱ्यास मूळ निवृत्तिवेतनाचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग एकरकमी घेता येतो. यासच अंशराशीकरण म्हणतात. निवृत्तीपासून एक वर्षाच्या आत अर्ज केल्यास वैद्यकीय तपासणी लागत नाही. समजा, साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्याचे निवृत्तिवेतन दरमहा ३०,००० रुपये आहे. त्यांपैकी १२,००० रुपयांचे अंशराशीकरण केल्यास, ८.१९४ या गुणकानुसार, ११,७९,९३६ रुपये हाती पडतात. दरमहा मात्र १८,००० रुपयेच उरतात. महागाई भत्ता तेवढा मूळ ३०,००० रुपयांवरच मिळतो.

पूर्वी ही कपात आजन्म असे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या निर्णयामुळे आता पंधरा वर्षांनी पूर्ण निवृत्तिवेतन पुन्हा सुरू होते. मुदत मोजावयाची ती कपात सुरू झाल्या दिवसापासून. घोटाळा होतो तो येथेच. मध्यंतरी बँक बदललेली असते, आदेशपत्रावर तारीख नोंदलेली नसते, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस दरमहा १२,००० रुपयांस मुकतो. त्यास त्याचा पत्ताही नसतो. अशा वेळी बँकेकडे लेखी अर्ज करावा व थकबाकीही मागावी.

मुदतीपूर्वी निधन झाल्यास वारसांकडून काहीही वसूल केले जात नाही. कुटुंब निवृत्तिवेतनही अंशराशीकरणामुळे कमी होत नाही.