नानकटाई, गहू आणि दाराच्या चौकटीवरील रेघा

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत दिवाळी जवळ आल्याचे दोन गोष्टींवरून कळत असे. एक म्हणजे चकलीच्या भाजणीचा खमंग वास आणि दुसरी म्हणजे भट्टीवर नंबर लावण्याची धावपळ. दांडिया बाजारातील आमच्या घरी १९७०-८० च्या दशकांत ओव्हन नव्हता. तो कोणाकडेच नव्हता. आई दुपारभर परातीत तूप आणि पिठीसाखर तळव्याने फेसत बसे. मिश्रण लोण्यासारखे पांढरेशुभ्र आणि हलके झाले की त्यात मैदा, थोडे बेसन, चमचाभर रवा, वेलदोडा आणि जायफळ पडे. रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही भावंडे तो गोळा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जात असू. पाव भाजून झालेले असत, भट्टीची आच उतरलेली असे आणि त्या उतरत्या आचेवर साऱ्या मोहल्ल्याची नानकटाई भाजली जाई. मराठी, गुजराती, बोहरी, सर्वांचे पत्रे एकाच भट्टीत. आमच्या पत्र्याची खूण म्हणजे कोपऱ्यातील नानकटाईवर आईने उमटवलेला अंगठ्याचा ठसा.

दुसऱ्या दिवशी डबे भरले जात. वरच्या बिऱ्हाडाला, समोरच्या गुजराती शेजाऱ्यांना, शिक्षकांना, वडिलांच्या कचेरीत. डबा रिकामा परत येत नसे. त्यातून मठिया येत, घुघरा येत.

नानकटाई ही मूळची सुरतेची. सतराव्या शतकात सुरतेस डच व्यापाऱ्यांची वखार होती. डच लोक गेल्यावर त्यांची भट्टी दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली आणि तेथे शिळ्या वाळवलेल्या पावापासून बिस्किटे, पुढे नानकटाई, असा प्रवास झाला, अशी परंपरागत हकीकत सांगितली जाते. डचांचा उल्लेख पुढे पुन्हा एकदा येणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

आता थोडे शास्त्र. मैद्यात पाणी घालून मळले की गव्हातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंतून चिवट जाळे तयार होते. त्यासच आपण ग्लुटेन म्हणतो. पोळी ताणली जाते, पाव फुगतो, तो या जाळ्यामुळे. नानकटाईत मात्र हे जाळे नको असते. म्हणून आधी तूप आणि मग पीठ. तुपात पाणी जवळजवळ नसतेच, लोण्यात ते चांगले असते. तुपाचा थर पिठाच्या कणाकणावर बसतो, पाणी आत शिरत नाही, जाळे बनत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. आपल्या आज्या ज्याला ‘मोहन’ म्हणत, त्याचे हेच रहस्य. खाण्याचा सोडा उष्णतेने विघटित होऊन कर्बवायू सोडतो, त्याने वर त्या सुंदर भेगा पडतात. सोडा जास्त झाला तर मागे उरणाऱ्या क्षारामुळे साबणासारखी चव येते. भट्टीतून काढलेली नानकटाई मऊच असते. तूप गोठले की ती आकार धरते. घाईने उचलणाऱ्याच्या हाती भुगा येतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. जाळे बनले नाही याचा अर्थ ती प्रथिने नाहीशी झाली असा नव्हे. ती जशीच्या तशी नानकटाईत असतात. एका २० ग्रॅमच्या नानकटाईत साधारण १० ग्रॅम मैदा धरला, तर त्यात सुमारे पाऊण ग्रॅम ग्लुटेन भरेल. बहुतेकांच्या आतड्याला त्याचे काहीच वाटत नाही. काहींच्या आतड्याला वाटते, आणि तेथेच माझी हकीकत सुरू होते.

२००० नंतर आमच्या घरी ओव्हन आला. तरी नानकटाईचा दिवस सुटला नाही. आमची कन्या आणि वरच्या बिऱ्हाडातील तिच्याहून वर्षाने लहान मैत्रीण या दोघी आईच्या हाताखाली बसत. गोळे वळणे कन्येकडे, त्यांवर पिस्त्याचा काप दाबणे त्या छोटीकडे. त्याच दिवशी आई दोघींना स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभे करून डोक्यावर पट्टी ठेवी आणि पेन्सिलीने रेघ ओढून वर्ष लिही.

त्या छोटीची आई जिन्यात भेटली की म्हणे, “भाऊजी, खाते बरी, पण अंगी लागत नाही हो.” आम्हां डॉक्टरांना जिन्यातली ही ओपीडी परिचित आहे. मी तिच्या डोळ्यांच्या पापणीखाली पाहिले, ती फिकट होती. हिमोग्लोबिन ८ च्या आसपास आले. मी जंताचे औषध दिले, लोहाचे पातळ औषध दिले. सहा महिन्यांनी पुन्हा फिकट, पुन्हा लोह. पोट थोडे फुगलेले असे, चिडचिड असे, कधी जुलाब, कधी उलट बद्धकोष्ठ. दवाखान्यात ती कधी रीतसर आली नाही, म्हणून तिची उंची-वजनाची नोंदही कोठे झाली नाही. घरचीच मुलगी, तिचा केसपेपर कशाला, असे मलाही वाटले असावे. दवाखान्यात अनोळखी मुलाची उंची तक्त्यावर मांडल्याशिवाय मी औषध लिहीत नसे, आणि हिच्या हातावर मात्र स्वतःच्या हाताने ताजी नानकटाई ठेवत होतो.

२०१२ च्या दिवाळीत आईने रेघा ओढल्या आणि चष्मा पुसत म्हणाली, “अरे, हिची रेघ हलतच नाही बघ.” मी उठून बोटे लावून पाहिली. आमच्या कन्येच्या दोन रेघांत जवळजवळ चार बोटांचे अंतर होते. छोटीच्या रेघांत माझी दोन बोटेसुद्धा बसेनात. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाकाठी साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो होतो. पट्टीने मोजले, ती जेमतेम ३ सेंटीमीटर वाढली होती. लोहाला दाद न देणारा पंडुरोग आणि खुंटलेली उंची, ही जोडी परीक्षेत कोणी मला विचारली असती तर एका दमात उत्तर दिले असते. घरात मात्र ते उत्तर चौकटीवरून वाचावे लागले.

रक्ततपासणीत टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या घटकाविरुद्धची आयजीए प्रतिपिंडे खूपच वाढलेली निघाली. दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासला, त्यात आतड्याच्या अस्तरावरील रसांकुर सपाट झालेले दिसले. सिलिॲक रोग.

ही ॲलर्जी नव्हे. गव्हातील, बार्लीतील आणि राय या धान्यातील ग्लुटेनमुळे जनुकीय प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. अन्न पोटात जाते, पण लोह, कॅल्शियम, फॉलिक आम्ल शोषले जात नाही. जुलाब असतीलच असे नाही. केवळ बुटकेपणा, केवळ रक्तक्षय, उशिरा येणारे वयात येणे, एवढीच खूण असू शकते. उत्तर भारतातील पाहणीत शंभरात सुमारे एक एवढे हे प्रमाण आढळले आहे. गव्हाशी या रोगाचा संबंध प्रथम नीट दाखवून देणारा एक डच बालरोगतज्ज्ञ होता, विलेम-कारेल डिके. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि असे रुग्ण बालक उपासमारीतही सुधारू लागले. पाव परतल्यावर त्यांचा आजारही परतला. आपली निरीक्षणे त्याने १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात मांडली. ज्यांच्या भट्टीतून आपल्याकडे नानकटाई आली असे म्हणतात, त्यांच्याच देशातील वैद्याने काही मुलांनी ती का खाऊ नये हे शोधावे, याची मला मोठी मौज वाटते.

पालकांना आणि तरुण डॉक्टर मित्रांना एक विनंती. शंका आली म्हणून आधीच गहू बंद करू नका. गहू बंद केला की प्रतिपिंडे कमी होऊ लागतात, अस्तर भरून येते आणि निदान हुकते. आधी तपासणी, मग पथ्य. रक्तातील एकूण आयजीए त्याच वेळी पाहावे, कारण तेच मुळात कमी असलेल्या मुलांत वरील तपासणी खोटी नकारार्थी येते. निदान पक्के झाल्यावर सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांची तपासणीही करावी. पथ्य जन्मभराचे असते, म्हणून ते अंदाजाने लादू नये.

पुढच्या दिवाळीचा प्रश्न वेगळाच होता. पथ्यावर छोटी सुधारली होती, पण नानकटाईच्या दिवशी ती खाली आली नाही. तिच्या आईने पाठवलीच नाही. समोर वास येणार, हाताला पीठ लागणार, आणि खायचे मात्र नाही. मी म्हटले, तिच्यासाठी वेगळे काही आणू. आई परात ठेवून उठली. म्हणाली, “पोरीला वगळून डबे भरायचे असतील तर मला नाही करायच्या नानकटाया.” त्या वर्षी फराळ मांडून पूर्ण होईतो घरात मैदा, रवा, कणीक यांतले काही उघडायचे नाही असे ठरले. पोळ्यांऐवजी आठ दिवस ज्वारीची भाकरी झाली.

मग गहू कोठे कोठे लपतो याचा शोध लागला. करंजी, शंकरपाळी, चिरोटे, रव्याचा लाडू हे उघडच. पण चिवडा? बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो. बेसनाचा लाडू? गिरणीवाला आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून त्याच जात्यात आपली डाळ टाकतो. भाजणीत काही घरी मूठभर गहू घालतात. अनारसे मात्र निर्धोक, थापताना तांदळाऐवजी दुसरे पीठ वापरले नसेल तर. ग्लुटेनमुक्त म्हणून विकावयाच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असू नये असा आपल्याकडील नियम आहे. वर सांगितलेल्या एका नानकटाईत ते ७५० मिलिग्रॅमच्या घरात असते. ‘एवढ्याशा तुकड्याने काय होते’ या आपल्या लाडक्या वाक्याचा हिशेब यावरून करावा. जुन्या भट्टीचा मार्गही त्यामुळे आमच्यापुरता बंद झाला, कारण तेथे पत्रे सामाईक आणि हवेत मैदाच मैदा. याचे आईला वाईट वाटले.

पहिला घाणा सपशेल फसला. तांदळाची पिठी अधिक झाली होती. भुगा आम्ही चमच्याने खाल्ला. परंतु नानकटाईला ग्लुटेनचे जाळे नकोच असते, त्यामुळे पाव किंवा पोळीपेक्षा ती गव्हावाचून करणे पुष्कळ सोपे आहे, हे तिसऱ्या खेपेस पटले. प्रमाण नंतर देतो.

बालरोगतज्ज्ञाने गोडाचे कौतुक केले की मागून कोणीतरी साखरेचा विषय काढतोच, म्हणून तोही उरकतो. मैद्याच्या निम्मे तूप व निम्मी साखर या नेहमीच्या प्रमाणात एका २० ग्रॅमच्या नानकटाईत ५ ग्रॅम साखर आणि सुमारे १०० कॅलरी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी. पाच वर्षांच्या मुलासाठी ती ५ टक्क्यांची मर्यादा म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, अर्थात तीन नानकटाया आणि मग दिवसभर दुसरे काही गोड नाही. दोन वर्षांखालील बाळास साखर देऊच नये. लहानग्यांच्या नानकटाईवर पिस्त्याचा काप नको, पूड घालावी. सुक्या मेव्याचा तुकडा श्वासनलिकेत गेलेली मुले मी पाहिली आहेत. कच्चे पीठ चाटू देऊ नये, ते धुतलेले वा शिजवलेले नसते आणि त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. इन्शुलिनवर असलेल्या मुलाला नानकटाई वर्ज्य नाही. एकीमागे १२ ते १३ ग्रॅम कर्बोदके धरून मात्रेचा हिशेब करावा. वनस्पती तुपाबद्दल पूर्वी ट्रान्स फॅटची मोठी भीती होती. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल-तुपातील त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे, तरी मी साजूक तूपच वापरतो, चवीसाठी.

आता प्रमाण. निवडून घरीच दळलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे बारीक बेसन २५० ग्रॅम, मंद आचेवर भाजून पूर्ण गार केलेले. तांदळाची पिठी १५० ग्रॅम, ज्वारीचे पीठ १०० ग्रॅम, गोठलेले साजूक तूप २५० ग्रॅम, पिठीसाखर २०० ग्रॅम, सपाट अर्धा चमचा सोडा, वेलदोडा व जायफळ. तूप-साखर फेसून पिठे मिसळावीत, गोळा कोरडा वाटल्यास दोन चमचे दूध. तासभर झाकून थंड जागी ठेवावे, म्हणजे तांदळाची कचकच जाते. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजावे आणि गार होईतो पत्र्यास हात लावू नये. पत्रे, चाळण, झारा वेगळे असावेत. लाकडी पोळपाट वापरू नये, त्याच्या चिरांत कणीक बसलेली असते. ज्या मुलाला पथ्य आहे त्याचा डबा सर्वांत आधी भरून, झाकण लावून, आत काय काय घातले त्याची चिठ्ठी वर चिकटवून बाजूला ठेवावा आणि मगच करंज्यांना हात लावावा.