शेवटी निघाला कोण, तर बकल्स!

२ मे २०२१च्या रविवारी रात्री नऊ वाजता ब्रिटनमध्ये १ कोटी २८ लाख माणसं बीबीसी वन लावून बसली होती. फुटबॉलचा सामना नव्हता की राजघराण्यातलं लग्न नव्हतं. ‘लाइन ऑफ ड्यूटी’ या पोलिसी मालिकेच्या सहाव्या सीझनचा सातवा आणि शेवटचा भाग होता. तिथल्या प्रेक्षकसंख्येच्या आधुनिक नोंदी २००२पासूनच्या आहेत. तेव्हापासून, रोजच्या कौटुंबिक मालिका सोडल्या तर, नाट्यमालिकेच्या एका भागाला त्याच रात्री एवढा प्रेक्षक कधी मिळाला नव्हता. आणि भाग संपल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांचं डोकं फिरलं होतं.

मी तेव्हा लेकीकडे बेलफास्टला होते. करोनामुळे परतीचं तिकीट सारखं पुढे ढकललं जात होतं, त्यामुळे मालिका बघायला वेळच वेळ. आधीचे पाच सीझन आम्ही जेवणं झाल्यावर ओळीने संपवले. (ज्यांना ही मालिका अजून बघायची आहे त्यांनी इथेच थांबावं. पुढे मी सगळं फोडणार आहे.)

चोर-पोलिसाची ही गोष्ट नाही. पोलिसांनीच पोलिसांची झडती घेण्याची आहे. एसी-१२ हे भ्रष्टाचारविरोधी पथक. त्याचा प्रमुख सुपरिटेंडंट टेड हेस्टिंग्ज आणि त्याच्या हाताखाली स्टीव्ह आर्नट आणि केट फ्लेमिंग. दर सीझनला एक नवा संशयित अधिकारी, आणि सगळे सीझन जोडणारा एक धागा: गुन्हेगारी टोळीला आतून मदत करणारा बडा माणूस कोण? तिसऱ्या सीझनच्या शेवटी एक फितूर अधिकारी मरता मरता ‘एच’ या अक्षराची खूण करून गेला. पाचव्यात कळलं की त्याची बोटं मोर्समधले चार ठिपके वाजवत होती. चार ठिपके म्हणजे एच, आणि चार ठिपके म्हणजे चार माणसं. तिघं सापडली होती. चौथा कोण, यावर अख्खा देश पैजा लावत होता.

मला या मालिकेत आवडायचं ते बंदुकीचं काम नव्हे. काचेच्या खोलीतली चौकशी आवडायची. रेकॉर्डर सुरू झाल्यावरची ती लांब किरकिरी शिट्टी, मग टेबलावर एकेक कागद, प्रत्येकाला क्रमांक, ‘तुमच्या फोल्डरमधला अमुक दस्तऐवज बघा’. वीस-पंचवीस मिनिटं नुसती माणसं बसून बोलतात आणि हात घामेजतात. मी आयुष्यभर स्थानिक निधी लेखापरीक्षेत नोकरी केली, पंचायत समित्यांचे हिशेब तपासले. मला ते घरचंच वाटलं. सहाव्या सीझनच्या पहिल्या भागात एवढी आद्याक्षरं होती की जावई वैतागला. चिस काय, ओसीजी काय! बीडीओ, सीईओ, पीआरसी ऐकत म्हातारी झालेल्या बाईला त्याचं काय?

घरात तीन मतं होती. जावयाचा संशय चीफ कॉन्स्टेबल ऑस्बर्नवर. सरळ सरळ सगळ्यात वरचा माणूस. लेकीला वाटायचं, लेखक प्रेक्षकांचं काळीज फोडणार आणि हेस्टिंग्जच निघणार. शेजारच्या आजींना हे ऐकूनही घेववत नव्हतं, कारण हेस्टिंग्जचं काम करणारा एड्रियन डनबार उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनचा, म्हणजे त्यांचा माणूस. मालिकेत शहराचं नाव नसलं तरी दुसऱ्या सीझनपासून चित्रीकरण बेलफास्टमध्येच होत आलं. एसी-१२चं कार्यालय म्हणून जी इमारत दाखवतात ती बेडफर्ड स्ट्रीटवर आहे. लोक समोर उभे राहून फोटो काढतात, आम्हीही काढला.

तर त्या रात्री काचेच्या खोलीत आणून बसवलं कोणाला, तर इयन बकल्सला. हा पहिल्या सीझनपासून अधूनमधून दिसणारा, ढिला, कामचुकार अधिकारी. तपासाची वाट लावायची, ठपका दुसऱ्यावर जायचा आणि याला बढती मिळायची. पकडला गेला तो स्पेलिंगमुळे. टोळीला जाणाऱ्या गुप्त निरोपांत ‘डेफिनेटली’ या शब्दात दर वेळी ‘आय’च्या जागी ‘ए’ पडायचा, आणि बकल्सच्या जुन्या कागदपत्रांत तीच चूक सापडली. बरं, तो टोळीचा मेंदूही नव्हता. इकडचा निरोप तिकडे पोचवायचा आणि पैसे घ्यायचे, एवढंच.

लेकीने उशी फेकली. “सहा सीझन, आणि शेवटी हा?” दुसऱ्या दिवशी तिथे मे महिन्याची बँक हॉलिडे, त्यामुळे ऑफिसातलं भांडण मंगळवारवर गेलं, पण कुंपणापलीकडून आजी सकाळीच सुरू झाल्या. हेस्टिंग्ज ‘एच’ नाही म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला होता. राग वेगळाच होता. जेम्स नेस्बिट हा नामवंत नट, अँट्रिमकडचा, या सीझनमध्ये आहे म्हणून त्या वाट बघत होत्या. तो दिसला फक्त फोटोत, आणि त्याचं पात्र स्पेनमध्ये मेलेलं सापडलं. “आमच्या पोराला नुसता भिंतीवर टांगायला आणला!” ही तक्रार मला रास्त वाटली. प्रेक्षकांना चकवणं आणि फसवणं यात फरक असतो.

पण बकल्सबद्दल मी एकटी पडले. मला तो शेवट पटला, आणि त्याचं कारण लोखंडी कपाटं.

एका पंचायत समितीत मी खरेदीची प्रमाणकं बघत होते. नियमाप्रमाणे तीन दुकानांची दरपत्रकं जोडलेली, तिन्हींचे छापील मथळे वेगळे, शिक्के वेगळे, गावं वेगळी. तुलनात्मक तक्ता नीट केलेला. आणि तिन्हींत ‘लोखंडी’च्या जागी ‘लोंखडी कपाट’. एका दुकानदाराची चूक समजू शकते. मी त्याच फाइलमधली कार्यालयाची टिप्पणी काढली. तिथेही ‘लोंखडी’. साठा नोंदवहीत कपाटं चढवलेली. प्रत्यक्ष मोजली तर निम्मीसुद्धा भरेनात.

टिप्पणी लिहिणारा लिपिक म्हणजे कार्यालयातला चेष्टेचा विषय. दुपारी डुलक्या काढणारा, फाइली हरवणारा, कोणी रागावलं तर कसनुसं हसणारा. मी अर्धसमास काढला (आमच्याकडे अर्ध्या पानावर आमचा प्रश्न असतो आणि उरलेल्या अर्ध्यावर त्यांनी उत्तर लिहायचं), तर कार्यालयप्रमुख मला म्हणाले, “मॅडम, त्याला धड बेरीज जमत नाही, तो काय अफरातफर करणार?” त्याच्या बावळटपणावर सगळ्यांचा एवढा विश्वास होता की वरच्या तीन जणांनी न वाचता सह्या केल्या होत्या, निदान तसं सांगायला त्यांना जागा होती. तो माणूस मुख्य सूत्रधार नव्हताच. त्याच्या टेबलावरून पैसा पुढे जायचा. वसुली त्याच्या एकट्याच्या पगारातून झाली.

म्हणून बकल्स काचेच्या खोलीत बसला तेव्हा मला हसू फुटलं. मालिकेत ऑस्बर्न सुटतो, गुपितं सरकारी पडद्याआड जातात, एसी-१२चेच पंख कापले जातात. जेड मर्क्युरिओ हा लेखक आधी रुग्णालयात डॉक्टर होता. मोठी संस्था आतून कशी चालते, चुका कोण करतो आणि त्या कोण झाकतो, हे त्याने नोकरीतच पाहिलं असणार.

आणि त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता, १५ जून २०२१ला लंडनमध्ये एक खरा अहवाल आला, बाराशेहून जास्त पानांचा. डॅनियल मॉर्गन या खासगी गुप्तहेराचा १० मार्च १९८७ला आग्नेय लंडनमधल्या एका पबच्या गाडीतळावर कुऱ्हाडीने खून झाला होता. पुन:पुन्हा तपास होऊनही शिक्षा कोणालाच नाही. स्वतंत्र समितीने लंडनच्या पोलीस दलावर संस्थात्मक भ्रष्टाचाराचा ठपका ठेवला. त्यांच्या मते, आपली अब्रू राखण्यासाठी अपयश लपवणं किंवा नाकारणं हाही भ्रष्टाचारच. म्हणजे नोटांच्या बॅगांच्या जोडीने सारवासारवही त्यात आली. जावयाने बातमी वाचून दाखवली आणि ऑस्बर्नचा नाद सोडला.

लेकीने मात्र माघार घेतली नाही. तिचं म्हणणं असं, की हा अहवालाचा शेवट आहे, गोष्टीचा नव्हे. खरं आयुष्य बकल्सनी भरलेलं असतं हे तिला ठाऊक आहे, तिच्या ऑफिसातही दोन आहेत. पण ‘एच’ला राक्षस बनवला कोणी? लेखकानेच. आधी दर सीझनला ‘बघा, वर कोणीतरी भयंकर बसलाय’ म्हणून ताणायचं आणि मग ‘तुम्हाला राक्षस हवा होता हीच तुमची चूक’ असं प्रेक्षकालाच सुनवायचं, हे तिला मान्य नाही. शिवाय या सीझनची संशयित अधिकारी जो डेव्हिडसन, तिला शेवटी खेड्यातलं गोंडस घर, जोडीदारीण आणि कुत्रा मिळतो, तेव्हा हाच लेखक वास्तव कुठे ठेवून आला होता?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. गेल्या दिवाळीत ती सातारला आली तेव्हाही आम्ही त्याच जागी अडलो, आणि तिच्या बाबांनी, ज्यांनी एकही भाग पाहिलेला नाही, हेस्टिंग्जच दोषी असल्याचा निकाल देऊन टाकला.