मोटारीच्या दांड्यावर एन्कोडर

कशासाठी?

उज्जैनच्या वेधशाळेतली यंत्रं आकाशातले कोन मोजण्यासाठीच बांधलेली. सवाई जयसिंहाची ही अठराव्या शतकातली वेधशाळा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली दुरुस्त करवली. खगोलज्ञ गोविंद सदाशिव आपट्यांचा त्यात मोठा वाटा. आज त्याच गावात, नानाखेड्यातल्या एखाद्या घरी कुणी दुर्बिणीला डीसी मोटार जोडली, तरी अडचण कोनाचीच येते. मोटार फिरते, पण किती फिरली ते सांगत नाही. ते काम एन्कोडरचं.

कोणता घ्यावा?

ऑप्टिकल एन्कोडर फेरीला ६०० रेघांचा असेल, तर ए आणि बी या दोन्ही सिग्नलच्या कडा मोजून २४०० पायऱ्या मिळतात. पण लाइट गेली की मोजणी पुन्हा शून्यापासून. त्यापेक्षा दांड्याच्या टोकाला लावलेल्या चुंबकावरून कोन वाचणारा एएस ५६०० चिपचा एन्कोडर बरा. तो फेरीचे ४०९६ भाग करतो आणि लाइट परत येताच त्या फेरीतला कोन सांगतो. पूर्ण फेऱ्या मात्र प्रोग्रॅमनेच मोजायच्या.

चुंबक

घोडं अडतं ते इथे. बाजारात मिळणाऱ्या साध्या गोल चुंबकाचा एक ध्रुव वरच्या तोंडाला, दुसरा खालच्या. तो जागच्या जागी फिरला तरी चिपला काही कळत नाही. हवा तो व्यासाच्या दिशेने भारलेला, म्हणजे अर्धी चकती उत्तर, अर्धी दक्षिण. पारख सोपी: होकायंत्राजवळ काठ धरून चकती अर्धा फेरा फिरवली की सुई उलटते.

चुंबक थेट लोखंडी दांड्याला चिकटवू नये, लोखंड त्याचं क्षेत्र ओढून घेतं. लेथवाल्याकडून पितळेची किंवा ॲल्युमिनियमची टोपी करून घ्यावी. चिप आणि चुंबकात अंतर अर्धा ते तीन मिलिमीटर. केंद्र पाव मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलं, तर प्रत्येक फेरीत ठरावीक जागी चूक दिसू लागते.

बसवायचा कुठे?

एन्कोडरला फक्त स्वतःच्या दांड्याचं कळतं. दुर्बिणीच्या अक्षावर बसवला, तर एक भाग साधारण ५.३ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि आकाश तेवढं २१ सेकंदांत सरकतं. हे फारच ढोबळ झालं. मोटारीच्या दांड्यावर १:१०० गिअरच्या आधी बसवला, तर शंभरपट बारकाई मिळते. पण गिअरमधला प्ले, म्हणजे दात्यांमधला ढिलेपणा, त्याला दिसत नाही. वेग सांभाळायला मोटारीवर, नेमकी दिशा कळायला अक्षावर, असं माझं मत. दोन्हीकडे हवे असतील तर एक मेख आहे: एएस ५६०० चा आय-टू-सी जोडणीवरचा पत्ता ठरलेला, त्यामुळे दोन चिपा त्याच तारांवर चालत नाहीत. दुसऱ्याचं ॲनालॉग आउटपुट वापरावं. अर्ड्युइनो उनो बोर्डवर त्याचे १०२४ भागच वाचता येतात.