हळदीचा कागद

नात परवा सुट्टीला घरी आली. एमबीबीएसचं पहिलं वर्ष. ओसरीवर पुस्तक उघडं आणि तोंडानं जप चाललेला: ऑर्निथिन, सिट्रुलिन, आर्जिनिन. तिच्या आजीचं व्यंकटेशस्तोत्रही इतक्या नेटानं होत नाही.

"आबा, ही बायोकेमिस्ट्री म्हणजे नुसती नावं आहेत बघा. पाठ करायची, पेपरात ओतायची आणि मोकळं व्हायचं."

मी काही बोललो नाही. गोठ्याशेजारी उसासाठी आणलेली युरियाची गोणी होती, तिच्यातली मूठभर पांढरी खडी घेतली. स्वयंपाकघरात वाट्या मागितल्या, तर तिच्या आजीनं कान तुटलेले दोन कप पुढे सरकवले. चांगल्या भांड्यांत खत घालू देणारी बाई नव्हे ती. एका कपात कच्च्या सोयाबीनचं पीठ पाण्यात कालवलं. दुसऱ्यात तेवढंच पीठ, पण चांगलं खळखळून उकळलेलं आणि मग निववलेलं. दोन्हींत चमचा चमचा युरिया विरघळवला. ओल्या हळदीनं माखलेल्या कागदाच्या दोन पट्ट्या काठावरून आत लोंबत सोडल्या, पाण्याला टेकू दिल्या नाहीत, आणि वर बशा झाकल्या.

"आता तासभर हात लावायचा नाही. तोवर गोष्ट ऐक."

तू सकाळी उसळ खाल्लीस. तिच्यातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं झाली. लागली तेवढी अंगानं वापरली, पण उरलेली साठवायला शरीरात कणगी नाही. ती जाळावी लागतात. साखर आणि चरबी जळाली की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो, कटकट मिटली. अमिनो आम्लांत मात्र नायट्रोजन असतो आणि त्याचा होतो अमोनिया. तो मेंदूला विष. यकृत निकामी झालेला रोगी बरळू लागतो, दिवसरात्र विसरतो, त्यामागे मोठा वाटा या अमोनियाचा असतो.

मग प्रत्येकानं आपापली वाट काढली. माशाला भोवती पाणीच पाणी, तो अमोनिया सरळ सोडून देतो. पाखराला अंड्याच्या बंद कवचात वाढायचं असतं, तिथे पाण्यात विरघळणारं विष कुठे टाकणार? म्हणून ते न विरघळणारं यूरिक आम्ल करतं. कावळ्याच्या विष्ठेतला पांढरा भाग तोच, पालीच्या लेंडीच्या टोकाचा ठिपकाही तोच. पण मला सगळ्यात नवल वाटतं बेडकाचं. डबक्यात शेपटी हलवत असतो तोवर माशासारखा अमोनिया टाकतो. पाय फुटून जमिनीवर यायची वेळ झाली की त्याचं यकृत नवी यंत्रं उभारतं आणि युरिया करू लागतं. दरवर्षी पावसाळ्यात आपल्या विहिरीजवळच्या डबक्यात हे चाललेलं असतं, आणि आपल्याला ऐकू येतो फक्त डराव डराव.

आपणही युरियावालेच. तुझा जप म्हणजे तो करणारं रहाटगाडगं. ऑर्निथिन हे रिकामं गाडगं. खाली गेलं की त्यात एक नायट्रोजन अमोनियातून येतो, ते झालं सिट्रुलिन. पुढे दुसरा नायट्रोजन अ‍ॅस्पार्टिक आम्लाकडून येतो आणि दोन टप्प्यांत आर्जिनिन होतं. वर आलं की गाडगं उपडं होतं: युरिया बाहेर, ऑर्निथिन पुन्हा खाली. १९३२ साली फ्रायबुर्गला हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाइट उंदराच्या यकृताच्या पातळ चकत्यांवर काम करत होते. चिमूटभर ऑर्निथिन घातलं तर युरिया भराभर वाढतो, पण ऑर्निथिन काही संपत नाही. संपत नाही म्हणजे ते फिरतंय! पुढच्याच वर्षी नाझींनी ज्यू म्हणून क्रेब्जना नोकरीवरून काढलं, ते इंग्लंडला गेले. नावांचं म्हणशील तर ऑर्निथिनमध्ये ग्रीक पक्षी आहे, कारण ते कोंबडीच्या विष्ठेत सापडलं होतं. सिट्रुलिनमध्ये लॅटिन कलिंगड आहे. आता विसरून दाखव.

"आणि हा गोणीतला युरिया?"

तोच. रेणूत तसूभर फरक नाही. माणूस दिवसाला २०-३० ग्रॅम युरिया लघवीवाटे टाकतो, म्हणजे ४५ किलोची गोणी भरायला एकाला साधारण पाच वर्षं. जिवाशिवाय असला पदार्थ होणारच नाही अशी एके काळी पुष्कळांची समजूत होती. १८२८ साली फ्रीडरिश व्होलरनं प्रयोगशाळेतल्या क्षारांपासून युरिया केला, मूत्रपिंडाची गरजच पडली नाही.

युरिया पाण्यात नुसता ठेवला तर वर्षानुवर्षं तसाच राहतो. मुताऱ्यांत जो दर्प डोळ्यांना झोंबतो, तो जंतूंच्या युरिएज या विकरानं युरिया फोडून पुन्हा अमोनिया केल्याचा. विकर म्हणजे तुमचं एन्झाइम. पण विकर ही वस्तू तरी काय? याचं उत्तर देणारा माणूस मला फार आवडतो.

जेम्स समनर, अमेरिकेतला. सतराव्या वर्षी शिकारीत सोबत्याची गोळी लागून डावा हात कोपराखाली गेला, आणि गडी डावखुरा! उजव्या हातानं सगळं नव्यानं शिकला, टेनिससुद्धा. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी सांगितलं, रसायनशास्त्र तुझं काम नाही, वकिली कर. यानं ऐकलं नाही. कॉर्नेल विद्यापीठात १९१७ साली जॅक बीनमधलं युरिएज शुद्ध करायला बसला. आपल्या अबईच्या शेंगेची ही चुलत बहीण. नऊ वर्षं गेली. १९२६ साली पिठाचा अर्क पाणी मिसळलेल्या अ‍ॅसिटोननं काढून रात्रभर गारव्यात ठेवला. सकाळी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर इवले इवले स्फटिक! तपासले, तर ते प्रथिन होतं आणि युरिया फोडत होतं.

जर्मनीत नोबेलविजेते रिशार्ट विलश्टेटर म्हणत होते, विकर प्रथिन असणं शक्य नाही. काही वर्षं समनरचं कोणी मनावर घेईना. मग १९३० साली जॉन नॉर्थ्रपनं पोटातल्या पेप्सिनचे स्फटिक केले, तेही प्रथिनच निघालं. १९४६ च्या नोबेलचा अर्धा वाटा समनरला मिळाला. मोठ्या माणसाची चूक शास्त्राला किती वर्षं महाग पडते, हे तुमच्या पुस्तकात एका ओळीतही नसतं, याचा मला राग येतो.

प्रथिन म्हणजे घड्या घातलेली साखळी. घडी आहे तोवर युरियाचा रेणू तिच्या खाचेत बसतो. युरिएजच्या खाचेत निकेल धातूचे अणू असतात, हे १९७५ साली कळलं. आपल्या कपातल्या सोयाबीनच्या पिठातही हेच युरिएज आहे. उकळलं की त्याची घडी मोडते. साखळी तीच, पण खाच गेली.

"तास झाला आबा," म्हणत तिनंच बशा उचलल्या.

कच्च्या पिठाच्या कपातून अमोनियाचा भपका आला आणि त्यानं हळदीची पट्टी कुंकवासारखी लाल झालेली. उकळलेल्या पिठावरची पट्टी पिवळीच होती.